जुनी ३३० ची आठ, नवी ५४० ची तीन, सगळी एकाच माळेत: ऑप्टिमायझर घ्यावेत का?

माळरान (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९:५०

मंडळी, घर कऱ्हाडात. २०१९ साली गच्चीवर ३३० वॅटची आठ पॉली पॅनेलं बसवली. पुढंमागं वाढवू म्हणून इन्व्हर्टर तेव्हाच ५ किलोवॅटचा घेतला. मध्यंतरी वरच्या खोलीत एसी आला, स्वयंपाकघरात इंडक्शन आलं आणि बिल परत चढायला लागलं. म्हणून गेल्या महिन्यात ५४० वॅटची तीन मोनो पॅनेलं घेतली. महावितरणकडून क्षमतावाढीची मंजुरी घेतली आहे, तेव्हा कागदपत्रांवरून कुणी झापू नये.

बसवणाऱ्यानं तिन्ही नवी पॅनेलं जुन्या माळेच्या शेपटीला जोडली, "झालं काका" म्हणाला आणि गेला.

आधी भर दुपारी इन्व्हर्टरवर दोन किलोवॅटच्या आसपास दिसायचं, दिवसाला १०-११ युनिटं पडायची. आता १.६२ किलोवॅटची भर घातल्यावर दुपारी ३.३ तरी दिसायला हवेत ना? दिसतात २.८. सतरा-अठरा युनिटांची आशा होती, साडेचौदाच्या वर आकडा सरकत नाही. भरीस भर म्हणजे साडेतीननंतर पाण्याच्या टाकीची सावली दोन जुन्या पॅनेलांवर येते.

त्याच माणसाला फोन केला तर म्हणाला, मिसमॅच आहे, म्हणजे जुन्या-नव्याची जोडी जुळत नाही, प्रत्येक पॅनेलमागं ऑप्टिमायझर लावू (प्रत्येक पॅनेलला आपापल्या चालीनं चालू देणारी डबी), अकरा लागतील, एक साडेचार हजाराला. म्हणजे जवळजवळ पन्नास हजार! ही रक्कम ऐकून मी फोन ठेवला आणि इथं आलो. घ्यावेत का?

तांब्याची तार · रविवार, रात्री १०:२०

घाई करू नका. पॅनेलांच्या मागचा स्टिकर आणि इन्व्हर्टरच्या बाजूची प्लेट, दोन्हींवरचे आकडे इथं टाका. वॅट नकोत, व्होल्ट आणि अँपिअर हवेत.

फुकट सल्लागार · रविवार, रात्री १०:३१

पन्नास हजारात अजून चार पॅनेलं येतील. ती लावा आणि मिसमॅचकडे दुर्लक्ष करा. ह. घ्या (हलके घ्या).

माळरान · सोमवार, सकाळी ७:४०

गच्चीत आडवा होऊन वाचलेले आकडे. जुनं पॅनेल: कमाल शक्तीला ३७.५ व्होल्ट, ८.८ अँपिअर, उघड्या टोकांना ४५.८ व्होल्ट. नवं: ४१.५ व्होल्ट, १३ अँपिअर. उघड्या टोकांना ४९.५. इन्व्हर्टर: कमाल ६०० व्होल्ट, एमपीपीटीचा पल्ला ९० ते ५२०, सुरुवात १२० ला, इनपुट करंट ११ + ११.

तांब्याची तार · सोमवार, सकाळी ९:०५

"११ + ११" या चार अक्षरांत तुमचे पन्नास हजार वाचले. आधी हिशोब सांगतो.

माळेत, म्हणजे सिरीजमध्ये, सगळ्या पॅनेलांतून एकच करंट जातो. जुन्यांना ८.८ च्या वर जाता येत नाही, म्हणून नवीही ८.८ वरच चालतात. त्यांचा व्होल्टेज थोडा वर चढतो, ४४-४५ होतो. म्हणजे ५४० चं पॅनेल जेमतेम ३९० वॅट देतं. तिघांचे मिळून साडेचारशे वॅट गेले. ही स्टिकरवरची गणितं, तुमच्या उन्हात सगळेच आकडे थोडे खाली येतील, पण प्रमाण तेच राहील. तुमचा दुपारचा खड्डा बहुतांशी याचाच आहे.

दोष पॅनेलांचा नाही. तुमची जुनी पॅनेलं १५६ मिलिमीटरच्या सेलची आहेत. मग १६६ चा सेल आला, करंट पावणेअकरापर्यंत गेला. मग १८२ चा, तिथं १३. २१० चा सेल तर १७-१८ अँपिअर देतो. सेलचं क्षेत्रफळ वाढलं की करंट वाढतो, व्होल्टेज मात्र तेवढाच राहतो. त्यामुळं पाच-सहा वर्षांनी पॅनेल वाढवायला गेलेला प्रत्येक जण तुमच्यासारखाच अडकतो. दुकानदार वॅट सांगतो, माळेला अँपिअर कळतात.

आता "११ + ११". तुमच्या इन्व्हर्टरमध्ये दोन एमपीपीटी आहेत. म्हणजे आतमध्येच व्होल्टेज-करंट बदलून देणारे दोन स्वतंत्र डीसी-डीसी कन्व्हर्टर आहेत, प्रत्येक जण आपापल्या माळेचा सर्वात फायद्याचा बिंदू शोधतो. त्यातला दुसरा २०१९ पासून रिकामा बसलाय. आठ जुनी एकावर, तीन नवी दुसऱ्यावर. वायर आणि कनेक्टरच्या दोन जोड्या, एवढाच खर्च.

गोदाकाठ · सोमवार, सकाळी १०:१२

समजायला सोपं म्हणून: दिंडीचा वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा असतो, तसं.

फुकट सल्लागार · सोमवार, सकाळी १०:२०

पण दिंडीत फारच मागं पडलेल्या आजोबांना टेम्पोत बसवतात की!

तांब्याची तार · सोमवार, सकाळी १०:४५

अहो, तोच बायपास डायोड! ७२ सेलच्या पॅनेलमध्ये असे तीन टेम्पो असतात, प्रत्येकी २४ सेलना एक. सावलीतला गट चालू शकत नसला की करंट डायोडमधून पुढं जातो, त्या गटाचा व्होल्टेज जातो पण बाकीची माळ थांबत नाही. डायोड नसता तर बाकीच्या पॅनेलांनी त्या सेलमधून जबरदस्तीनं करंट ढकलला असता आणि सेल भाजला असता. पॅनेलवर तपकिरी चट्टे दिसतात ते यातून येतात.

वऱ्हाडी झणका · सोमवार, दुपारी १:३०

भाऊ, तीनच पॅनेलची माळ म्हणता, अन् अकोल्याच्या मे महिन्यात काय करता? पॅनेल ६५-७० अंशावर जाते. अंशामागं व्होल्टेज घसरते, एकशे साडेचोवीस व्होल्टचे एकशेसात होतात.

तांब्याची तार · सोमवार, दुपारी २:१५

झणकासाहेब, मुद्दा एकदम रास्त आहे, माझ्याकडून राहिला. ४१.५ गुणिले तीन म्हणजे १२४.५. सेल ६५ अंशावर गेला की १०५-१०७ राहतात. पण १२० हा आकडा इन्व्हर्टर जागा व्हायला लागतो, आणि सकाळी जाग येते तेव्हा पॅनेल थंड आणि टोकं उघडी असतात, म्हणजे १४० च्या पुढं. एकदा जागा झाला की ९० पर्यंत चालतो. काठावर आहे, पण आत आहे. ज्यांच्या इन्व्हर्टरचा पल्ला १२५ किंवा १५० पासून सुरू होतो त्यांनी तीन पॅनेलांची माळ करू नये.

आणि एक कात्री: १३ अँपिअरचं पॅनेल ११ च्या तोंडाला लावलं की वरचे दोन अँपिअर इन्व्हर्टर घेणार नाही. कडक उन्हाचे दोन-अडीच तास थोडं नुकसान, बाकी दिवसभर काही नाही. नुसता कामाचा करंट जास्त असणं चालतं. मात्र शॉर्ट सर्किट करंटची वेगळी मर्यादा प्लेटवर लिहिलेली असते, ती पाहा. नव्या पॅनेलचा हा आकडा १३.८ च्या आसपास असेल.

माळरान · सोमवार, रात्री ८:००

पाहिली. १५ लिहिलंय.

बांधावरून · सोमवार, रात्री ८:५०

धाग्यात घुसतो, माफ करा. जालन्याकडं शेत आहे. ५ एचपीचा सोलर पंप, १५ प्लेटा ३३५ च्या. वानरांनी दगड लोटला, एक प्लेट फुटली. दुकानदार म्हणतो ३३५ आता मिळत नाही, ५४० ची टाका, जास्तच पाणी येईल. टाकू का?

तांब्याची तार · सोमवार, रात्री ९:२०

दादा, पाणी वाढणार नाही. बाकीच्या चौदा प्लेटा ८.९ अँपिअरच्या आसपासच्या असतील, नवी त्यांच्याच चालीनं चालेल. तुम्ही ५४० चे पैसे द्याल आणि ३९० वापराल. बिघडणार काही नाही, पण ती बसेल का ते आधी मोजा: तुमची प्लेट साधारण १.९६ मीटर बाय ९९ सेंटिमीटर असेल, ५४० ची २.२८ बाय १.१३. ढाचाच बदलावा लागेल.

पंप सरकारी योजनेतला असेल आणि पाच वर्षं झाली नसतील तर दुकानात जायच्या आधी पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा. दुरुस्तीची हमी आणि विमा त्या पाच वर्षांत योजनेतच धरलेला असतो. मुदत संपली असेल तर वॅट विसरा, स्टिकरवर ८.९ किंवा त्याहून किंचित जास्त अँपिअर असलेली प्लेट शोधा, जुनी वापरलेली मिळाली तरी चालेल. कमी अँपिअरची मात्र फुकट दिली तरी घेऊ नका, ती बाकीच्या चौदांना खाली ओढेल.

गोदाकाठ · मंगळवार, सकाळी ८:१०

आता ऑप्टिमायझरचा माझा अनुभव, कारण मी पैसे घालवून बसलोय. माझ्या इन्व्हर्टरला एकच एमपीपीटी. जुनी सहा ३३० ची, नवी तीन ५४० ची, अगदी माळरान यांचीच रड. "नव्यांची शक्ती वाया जाते" म्हणून नव्या तिघांमागं तीन ऑप्टिमायझर लावले. फरक शून्य. अक्षरशः शून्य! महिनाभर ॲपकडे बघत बसलो.

मग एका जाणत्यानं समजावलं. कुठल्याही इन्व्हर्टरबरोबर चालणारे जे ऑप्टिमायझर आपल्याकडे मिळतात ते बहुतेक बक जातीचे. म्हणजे व्होल्टेज उतरवून करंट वाढवतात, उलटं करू शकत नाहीत. नव्या पॅनेलांकडे करंट मुळातच जास्त, तिथं बकला करायला कामच नाही. ते लावायचे जुन्यांना! जुन्याचे ३७.५ व्होल्ट, ८.८ अँपिअर उतरून साधारण २६ व्होल्ट, साडेबारा अँपिअर झाले की ते नव्यांच्या बरोबरीनं चालायला लागतं. वॅट तेवढेच, फक्त सुट्टे करून घेतले.

तीन अजून विकत घेतले, सहाही जुन्यांना लावले. माझ्या इन्व्हर्टरचं तोंड साडेबारा अँपिअरचं असल्यानं जमलं. दुपारचा आकडा साडेतीनशे वॅटनी वर गेला. माझ्याकडे दुसरा इलाजच नव्हता. माळरान, तुमच्याकडे दुसरा एमपीपीटी आहे, मी असतो तर आज दुपारीच वायर ओढली असती.

फ्रीमाँटचा फेटा · मंगळवार, सकाळी ९:४०

कॅलिफोर्नियातून. आमच्या गल्लीत ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर नसलेलं छप्पर दाखवा आणि बक्षीस मिळवा. पण ते सगळं जास्त विजेसाठी नाही बरं का. अमेरिकेच्या २०१७ च्या विद्युत नियमावलीनुसार आग लागल्यावर बटण दाबताच ३० सेकंदांत छपरावरचा व्होल्टेज ८० च्या खाली यावा लागतो, अग्निशामकाच्या जिवासाठी. प्रत्येक पॅनेलमागं काहीतरी इलेक्ट्रॉनिक्स असल्याशिवाय ते कठीण. शिवाय इथली छपरं चहूबाजूंना उतरती, दोन पॅनेलं पूर्वेला, तीन दक्षिणेला, मध्ये चिमणी. तिथं ते खरोखर कामाचे. सपाट गच्चीवर एकाच दिशेला, एकाच कोनात अकरा पॅनेलं असताना अकरा ऑप्टिमायझर म्हणजे धोतराला इस्त्री.

माझ्या घरी बक-बूस्ट आहेत, दोन्हीकडे जातात, पण ते त्याच कंपनीच्या इन्व्हर्टरबरोबरच चालतात. जुना इन्व्हर्टर ठेवून ते घेता येत नाहीत.

फुकट सल्लागार · मंगळवार, सकाळी ११:००

बुधवार पेठेत बक कन्व्हर्टरची पट्टी दीडशे रुपयांत मिळते. साडेचार हजार कशाला? या वेळी ह. घेऊ नका, खरंच विचारतोय.

अर्धवाहक · मंगळवार, दुपारी १२:३०

चांगला प्रश्न आहे. मी याच विषयात संशोधन करतो म्हणून राहवलं नाही.

एक तर त्या पट्ट्या ३६ व्होल्ट, पाच अँपिअरच्या आतबाहेरच्या असतात, तुमचं पॅनेल उघड्या टोकांना ४५ देतं, पहिल्याच सकाळी धूर. पण समजा मोठी मिळाली. साधा कन्व्हर्टर आपलं आउटपुट स्थिर धरून ठेवतो. ऊन कमी झालं की तेवढंच आउटपुट द्यायला तो पॅनेलकडून जास्त करंट खेचतो, पॅनेलचा व्होल्टेज कोसळतो, शक्ती अजून कमी, मग अजून खेच. ऑप्टिमायझरचं उलट: तो इनपुट धरतो. पॅनेलला त्याच्या कमाल बिंदूवर बसवतो आणि आउटपुट माळेला हवं तसं वाहू देतो. पाव व्होल्ट वर करून बघ, शक्ती वाढली तर त्याच दिशेनं जा, घटली तर मागं फीर, हे दिवसभर चालू. त्यात माळेच्या टोकाचं पॅनेल जमिनीपासून तीन-चारशे व्होल्टवर असतं. त्या इन्सुलेशनचे, पाण्यापावसाचे आणि वीस-पंचवीस वर्षं छपरावर भाजून निघायचे पैसे त्या साडेचार हजारात असतात.

अवांतर: ऑप्टिमायझरमधून पॅनेलची अख्खी शक्ती जाते. कार्यक्षमता ९८.५ टक्के धरली तर ३३० वॅटामागं पाच वॅट सतत जळतात, मिसमॅच असो वा नसो. यावर एक सुंदर कल्पना आहे, फक्त फरकावर प्रक्रिया करण्याची. शेजारच्या दोन पॅनेलांमध्ये एक छोटा कन्व्हर्टर बसवायचा. दोघांचा करंट सारखा असेल तर तो झोपून राहतो, फरक पडला की तेवढाच करंट इकडून तिकडे सारतो. इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ च्या सुमारास यावर बरंच काम केलं. छपरावर मात्र ती फारशी दिसत नाही, कारण प्रत्येक पॅनेलच्या शेजाऱ्याशी तार जोडावी लागते आणि बसवणारा तिथंच हात जोडतो.

आणि कन्व्हर्टरच नको म्हणणारेही आहेत. तिरुचिरापल्लीच्या एनआयटीमधल्या संशोधकांनी, तेही २०१३ सालीच, सुडोकूच्या कोड्याप्रमाणं पॅनेलांची जागा बदलायची युक्ती मांडली. विजेची जोडणी तीच, फक्त एका ओळीतली पॅनेलं गच्चीभर विखरायची, म्हणजे सावली सगळ्या ओळींना थोडी थोडी वाटली जाते. नऊ बाय नऊच्या रचनेत झकास, अकरा पॅनेलांच्या गच्चीत नाही.

माळरान · बुधवार, रात्री ९:१५

उद्या इलेक्ट्रिशियन येतोय. टाकीच्या सावलीतल्या दोघांना तरी ऑप्टिमायझर लावू ना?

तांब्याची तार · बुधवार, रात्री ९:४५

आधी वायर बदला, मग बघू. टाकीची सावली काळी, धारदार असते. ती ज्या गटावर पडते तो गट डायोड सोडूनच देतो, बाकीचे दोन गट पूर्ण करंटवर चालतात. तिथं ऑप्टिमायझरच्या हाती फारसं उरत नाही. तो कमावतो ते अख्खं पॅनेलच मंद पडतं तेव्हा: वेगळी दिशा, वेगळा कोन, म्हातारं पॅनेल, झाडाची विरळ सावली.

इन्व्हर्टरच्या मेनूत शॅडो स्कॅन किंवा तशा नावाची सेटिंग शोधा. डायोड सुरू झाले की शक्तीच्या आलेखावर दोन-तीन शिखरं तयार होतात आणि बिचारा एमपीपीटी जवळच्या टेकाडालाच शिखर समजून बसतो. ही सेटिंग मध्येमध्ये पूर्ण पल्ला फिरवून खरं शिखर शोधते. बरेचदा ती बंदच असते.

उद्यासाठी: आधी इन्व्हर्टरचा एसी बाजूचा (घराकडचा) ब्रेकर पाडा, मग डीसी बाजूचा (पॅनेलांकडचा) आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटरनं करंट शून्य आहे हे बघा, आणि मगच कनेक्टर उघडा. चालू माळेचा कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही, जाळ धरून राहते. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा आहे ना ते विचारा, गावातल्या बहुतेकांकडे फक्त एसीचा असतो आणि तो डीसीला बेधडक शून्य दाखवतो. आणि माळ उघडलीच आहे तर प्रत्येक पॅनेलचा उघड्या टोकांचा व्होल्टेज मोजून घ्या.

माळरान · शनिवार, दुपारी ४:३०

वृत्तांत. मोजणीतच गंमत झाली. सकाळी अकराच्या उन्हात सात जुनी पॅनेलं ४० ते ४१ व्होल्ट. पाचवं २७! इलेक्ट्रिशियन म्हणाला मीटर बिघडला, परत मोजलं, २७ च.

तांब्याची तार · शनिवार, दुपारी ४:४२

दोन तृतीयांश. एक डायोड शॉर्ट झालाय, एक गट कायमचा टेम्पोत. वळवात जवळपास वीज पडली होती का?

माळरान · शनिवार, संध्याकाळी ५:१०

गेल्या वर्षी समोरच्या नारळावर पडली होती! राउटरही तेव्हाच गेला. म्हणजे वर्षभर एकशे दहा वॅट असेच गेले आणि मला पत्ता नाही. जंक्शन बॉक्सचं झाकण उघडणारं निघालं, आत रसायन ओतलेलं नव्हतं, हे नशीब. तेवढ्याच क्षमतेचा डायोड आणून डाखला, कडेनं सिलिकॉन लावलं. पॅनेल ४० वर आलं.

मग नव्या तिघांची वेगळी माळ, दुसऱ्या तोंडाला. शॅडो स्कॅन बंदच होतं, चालू केलं.

माळरान · पुढच्या शनिवारी, रात्री ८:२०

आठवड्याचा हिशोब. दुपारचा कमाल आकडा ३.२५ ते ३.३ किलोवॅट. युनिटं १६.९, १७.४, १७.२, ढगाळ दिवशी १३. खर्च: वायर, कनेक्टर, डायोड आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत.

टाकीच्या सावलीचंही मोजलं. साडेतीन ते साडेपाच दोन पॅनेलांचं मिळून रोजचं पाव युनिटही जात नाही. ऑप्टिमायझरनं त्यातलं सगळं परत आणलं असं धरलं तरी दोघांचे नऊ हजार वसूल व्हायला दहाएक वर्षं. नको. पुढं टाकी बदलायची वेळ येईल तेव्हा उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊ.

गोदाकाठ · पुढच्या शनिवारी, रात्री ८:५५

मी सहा ऑप्टिमायझरांकडे बघत हे वाचतोय. अभिनंदन.

बांधावरून · रविवार, सकाळी ६:५०

माझंही झालं. पंपाची पाच वर्षं संपली नव्हती. पुरवठादाराकडं तक्रार टाकली, पंचनाम्याचे फोटो मागितले, बरेच दिवस लावले, पण ९.१ अँपिअरची प्लेट आणून बसवली. मी त्याच्यासमोर स्टिकर वाचला तेव्हा तो जरा दचकला. पाणी पहिल्यासारखं आहे. फुटकी प्लेट कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली, पाऊस लागत नाही.

तांब्याची तार · रविवार, सकाळी ७:३०

दादा, काच फुटली तरी उन्हात ती चाळीस व्होल्ट देते. तिच्या दोन्ही वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप लावून ठेवा, आणि काच ओली असताना हात लावू नका.

बांधावरून · रविवार, सकाळी ८:०५

लावली. कोंबड्यांना पण सांगितलं.